घरात सांगणारं कोणी नसेल तेव्हा: पुण्यातलं कॉलेज आणि पहिली नोकरी

कोथरूडच्या एखाद्या घरात बारावीतल्या मुलीला नॉन-क्रिमीलेअरची, म्हणजे आरक्षणासाठी काही प्रवर्गांना लागणाऱ्या उत्पन्न मर्यादेच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते हे मुद्दाम कोणी शिकवत नाही. जेवताना मामा सहज विचारतात, "काय गं, दाखला नवा काढला का?" आणि काम होऊन जातं. परांड्याहून आलेल्या मुलीला तीच गोष्ट कळते ती कागदपत्र तपासणीच्या टेबलावर, अर्ज खुल्या प्रवर्गात ढकलला गेल्यावर. दोघींचे पर्सेंटाइल सारखे असू शकतात. चार वर्षांनी एक म्हणते मेहनत केली, दुसरी म्हणते नशिबात नव्हतं.

जेवणाच्या ताटावर फुकट मिळणारी ती माहिती ज्यांना मिळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

सुरुवात वहीपासून करा. एका पानावर घरात काय आहे आणि काय नाही ते लिहा आणि प्रत्येक "नाही"समोर रुपये किंवा दिवस मांडा. पुण्यात आठ दिवस राहता येईल असं नातेवाइकाचं घर नसेल, तर प्रवेश फेरीच्या प्रत्येक खेपेला लॉज, जेवण आणि एसटीचा खर्च येणार. कर्जाला जामीन राहू शकणारा पगारदार माणूस नातेवाइकांत नसेल, तर कर्जाचे काही प्रकार आत्ताच यादीतून गेले. तुमच्या कमाईविना घर किती महिने चालेल, हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पुढे पहिली नोकरी निवडताना "दोन महिने थांबून चांगली बघू" म्हणता येईल की नाही, ते त्यावर ठरतं. आजोबांचा १९६० सालचा शाळेचा दाखला कुणीतरी ट्रंकेत जपून ठेवला असेल तर तीही इस्टेटच. शिकलेल्या घरात तो असतो, ऊसतोडीला गेलेल्या घरात बहुतेक वेळा नसतो.

कागद: अकरावीच्या जूनमध्येच

सगळ्यात जास्त प्रवेश इथे बुडतात. आरक्षित प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमाती सोडल्या तर ते दाखला ज्या जिल्ह्यात निघाला त्या जिल्ह्याच्या समितीकडून मिळतं. तुम्ही पुण्यात शिकत असलात आणि दाखला धाराशिवचा असला तर अर्ज धाराशिवलाच जाणार. बारावीच्या निकालानंतर धावपळ सुरू केली तर समितीपुढे त्याच महिन्यात आलेली हजारो मुलं असतात. अकरावीत अर्ज टाकला की तोच कागद निवांत निघतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्याला कॉलेजचं पत्र जोडायचं. ते पत्र मागायला जाताना प्रवेशाची पावती सोबत ठेवा.

पुरावा नेमका किती जुना, हेच अनेकांना माहीत नसतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीची, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाची जात आणि वास्तव्य दाखवणारी नोंद हवी. घरात काही नसेल तर आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत बसले असतील तिथे जा आणि मुख्याध्यापकांकडे जनरल रजिस्टरचा उतारा मागा. शाळेतही नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४, शोधायला लावा. आणि त्याआधी एक फोन: काका, आत्या किंवा चुलतभाऊ यांपैकी कुणाची पडताळणी आधीच झालेली आहे का? असेल तर तिची प्रत जोडा, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात ते नातं दाखवा. सगळी फाइल हलकी होते. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तर या कागदापुरतं सुरू करा.

आता नावाची भानगड. शाळेच्या दाखल्यावर "सुनिता", आधारवर "सुनीता", दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव "ज्ञानेश्वर", त्यांच्या स्वतःच्या आधारवर "ज्ञानोबा". शिक्षकाने पहिलीत जे ऐकलं ते लिहिलं आणि बारा वर्षांनी संगणक म्हणतो ही दोन माणसं आहेत. दहावीची गुणपत्रिका हा मूळ कागद धरा आणि आधार, बँक, रेशनकार्ड तिच्याप्रमाणे करून घ्या. उलट दिशेने, म्हणजे गुणपत्रिका बदलायला, गेलात तर शाळा आणि बोर्ड यांच्यात महिने जातात.

नॉन-क्रिमीलेअरला तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडले तर तीन वर्षांचं मिळतं, एकाच वर्षाचे जोडले तर एका वर्षाचं. मर्यादा ८ लाख रुपये, पण शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न त्यात मिळवत नाहीत. आईवडील वरच्या वर्गाच्या सरकारी पदावर नसतील तर "आमचं बसत नाही" असं परस्पर ठरवू नका. जेईई, नीटच्या देशपातळीवरच्या जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं लागतं आणि ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं असावं लागतं. सेतू केंद्रात नुसतं "नॉन-क्रिमीलेअर द्या" म्हटलं की राज्याचा नमुना हातात येतो. केंद्राचा हवा असेल तर तो शब्द तोंडाने सांगा.

दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला कोणी ५०० रुपयांचा मुद्रांक आणायला सांगितलं तर थांबा, साध्या कागदावर चालतं. मूळ कागदांची एक फाइल, झेरॉक्सचे तीन संच, स्कॅन केलेल्या प्रती मोबाइलवर आणि आणखी एका ठिकाणी. कॉलेजला मूळ कागद तपासून परत द्यावे लागतात, स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) हे २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, तेव्हा "इथेच जमा करा" म्हटलं तर हे नम्रपणे सांगा आणि जमा केलेच तर पोच घ्या.

पर्याय भरताना

इंजिनिअरिंगच्या पर्याय अर्जात एक गोष्ट वर्षानुवर्षं निसटते. जवळपास प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या ५ टक्क्यांपर्यंत शिक्षण शुल्क माफीच्या वेगळ्या जागा असतात. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, जात कोणतीही चालते. पण या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो. नेहमीचा कोड भरला म्हणजे माफीची जागा आपोआप मिळेल असं नाही. दोन्ही कोड भरायचे, माफीचा वर, नेहमीचा लगेच खाली. या जागेचा कटऑफ खुल्या जागेपेक्षा वर लागतो हे खरं, तरी भरायला पैसे लागत नाहीत.

पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्यांत ही अट आणखी खालच्या क्रमांकांपर्यंत येते. म्हणून "बघू तर खरं मिळतं का" म्हणून न परवडणारं कॉलेज वर टाकू नका. यादी लावताना प्रत्येक कॉलेजसमोर तीन आकडे लिहा: वर्षाचं शुल्क, वसतिगृह किंवा कॉटचं भाडं, आणि तिथे रोज पोचायला लागणारा वेळ. हडपसरला राहून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ताथवड्याला रोज जाणं नकाशावर सोपं दिसतं.

व्यवस्थापन कोट्याचा मोह टाळा. एजंट फोन करतात, "डोनेशन थोडंच, बाकी स्कॉलरशिप बसवून देऊ" म्हणतात. केंद्रीभूत प्रवेश फेरीतून न घेतलेल्या प्रवेशाला शुल्कमाफीच्या बहुतेक योजना लागू होत नाहीत. जुलै २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी. तिथेही हीच अट आहे. कोट्यातून गेलेल्या मुलीच्या वडिलांना हे दुसऱ्या वर्षी कळतं, तोवर जमिनीचा तुकडा गेलेला असतो.

जिथे खरोखरच सोडत असते

धाकटं भावंड किंवा स्वतःचं मूल पहिलीच्या वयाचं असेल तर नशीब शब्दशः चिठ्ठीतून निघतं. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा राखल्या आहेत आणि अर्ज जास्त आले की सोडत काढतात. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना यातून वगळलं होतं, ते मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केलं.

सोडत तुमच्या हातात नाही, तिच्यात नाव नीट पडणं हातात आहे. अर्जात १० शाळांपर्यंत निवडता येतात. नामांकित दोनच शाळा टाकून बसणारे पालक स्वतःच चिठ्ठ्या कमी करतात. घराचं ठिकाण नकाशावर खूण करून द्यायचं असतं आणि अंतर तिथून मोजतात. जनता वसाहतीत किंवा ताडीवाला रोडला गल्लीतून खूण पाचशे मीटर सरकली तर एक किलोमीटरच्या आतली शाळा बाहेर जाते. दारात उभं राहून, मोबाइलचं लोकेशन चालू करून खूण करा. भाडेकरार नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा आणि अर्ज सुरू होण्याच्या आधीच्या तारखेचा. नुसता नोटरी केलेला करार पडताळणीत उडतो, आणि घरमालक नोंदणीला तयार नसतो. जागा लागते ती करार करून देणाऱ्या घरमालकाच्या भाडेकरूला. मग हा विषय जानेवारीत काढा, भाडं वाढवायच्या बोलण्यातच.

आणि एक: ही मोफत सोय आठवीपर्यंत. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी सुरू होते. सातवीतच ठरवा की तिथेच राहायचं की चांगली अनुदानित शाळा बघायची.

पैसा कधी येतो

१८८२ मध्ये पुण्यातूनच जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला लिहून कळवलं होतं की कर भरतो रयत आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गांची मुलं. आता योजना कागदावर भरपूर आहेत. अडचण वेळेची आहे: खर्च जूनमध्ये होतो आणि पैसे कधी कधी पुढच्या जूनमध्ये येतात. घरचा आधार असलेला मुलगा मधले महिने वडिलांच्या पगारावर काढतो.

पुण्यातला महिना साधारण असा धरा. पेठेत किंवा कर्वेनगरला कॉट बेसिसवर ३,५०० रुपये, दोन वेळच्या डब्याचे ३,२००, बस आणि फिरणं ८००, रिचार्ज, झेरॉक्स, साबण, औषध मिळून १,५००. म्हणजे ९,०००. सुरुवातीला डिपॉझिट वेगळं. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेतून पुण्यात वर्षाला ६०,००० मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. निवासाचे २०,००० दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला २,००० होतात, कॉटचं भाडं त्याच्या पुढे आहे. फरक कुठून भरायचा ते आधी ठरवा. हाताशी किमान चार महिन्यांचे, म्हणजे ३६,००० ठेवून या. तेवढे नसतील तर शहरातलं सगळ्यात मोठं कॉलेज सोडून वसतिगृह असलेलं कॉलेज घेणं शहाणपणाचं ठरतं. ऐकायला कडू लागेल, पण तिसऱ्या सत्रात पैशापायी शिक्षण सोडणं त्याहून महाग आहे.

सरकारी वसतिगृहाचा अर्ज आणि स्वाधारचा अर्ज, दोन्ही करा. विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना पुण्यात स्वस्तात ठेवून घेते, तिचाही अर्ज निकाल लागला त्याच आठवड्यात भरा. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात "कमवा आणि शिका" असेल तर पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी विकास विभागात नाव द्या. पैसे थोडे मिळतात, पण वेळ कॉलेजच्या आवारातच जातो, रात्री डिलिव्हरी करून सकाळच्या प्रॅक्टिकलला पेंगावं लागत नाही.

महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज भरला म्हणजे झालं असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. त्रुटी निघाली तर परत तुमच्याकडे येतो आणि मुदत संपेपर्यंत तसाच पडून राहतो. दर सोमवारी स्थिती बघायची सवय लावा. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात पडतात, अर्जात तुम्ही कोणतं खातं मनात धरलं होतं याला अर्थ नाही. सिमकार्डासोबत किंवा पोस्टात सहज उघडलेलं खातं आधारशी जोडलं गेलं असेल तर रक्कम तिकडे जाते आणि मुलं वर्षभर "आली नाही" म्हणतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कोणती बँक जोडली आहे याची, स्थिती दिसते. चुकीची बँक असेल तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरा, पोच घ्या, आठवड्याने पुन्हा तपासा.

कर्जाबद्दल थोडक्यात: आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ७.५ लाखांपर्यंत जामीनदार चालतो, त्यापुढे तारण. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही नकोत. प्रवेश घेण्याआधी संस्था त्या यादीत आहे का ते बघा.

पहिली नोकरी

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्लेसमेंट विभागात जाऊन एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी कोणत्या कंपन्या आल्या आणि त्यांच्या अटी काय होत्या? "थ्रूआउट ६० टक्के", म्हणजे दहावीपासून सगळीकडे ६०, ही अट असेल आणि तुमचे बारावीला ५६ असतील, तर चौथ्या वर्षी ते बदलत नाहीत. दुसऱ्या वर्षी कळलं तर हातात तीन मार्ग राहतात: ही अट नसलेल्या कंपन्यांची यादी, भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांतली ॲप्रेंटिसशिप आणि ओळखीतून थेट अर्ज.

ओळख म्हणजे वशिलाच असं आपल्याकडे धरून चालतात आणि चांगली मुलं लाजून मागे राहतात. रेफरल म्हणजे तुमचा अर्ज ढिगातून वर ठेवणं एवढंच असतं, मुलाखत तुमची तुम्हालाच द्यावी लागते. ज्यांचे काका हिंजवडीत आहेत ते हे लाजत नाहीत. तुमच्याकडे काका नसतील तर कॉलेजचे तीन ते पाच वर्षं पुढचे सीनियर शोधा, शक्यतो तुमच्याच तालुक्यातले. "हाय सर, जॉब आहे का" या निरोपाला उत्तर येत नाही, कारण त्यावर समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही. असं लिहा:

"नमस्कार ताई. मी आपल्याच कॉलेजची, यंदा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. तुमच्या कंपनीत ग्रॅज्युएट ट्रेनीची जागा निघाली आहे, तिचा क्रमांक खाली दिला आहे. प्रोजेक्टमध्ये आम्ही फिक्स्चर बदलून ड्रिलिंगचा सेटअप वेळ १४ मिनिटांवरून ९ वर आणला. एक पानी बायोडेटा जोडला आहे. रेफर करता येईल का? जमत नसेल तर तुमच्या मुलाखतीत काय विचारलं होतं तेवढं सांगितलंत तरी मोठी मदत होईल."

जागेचा क्रमांक, एक आकडा आणि नकार द्यायला सोपी वाट, एवढं असलं की बरेच जण उत्तर देतात. वीस जणांना लिहिलं तर चार-पाच उत्तरं ही वाईट गोष्ट नाही. आठ दिवसांनी एकदाच आठवण करा.

बिनपगारी इंटर्नशिपचा हिशेब ९,००० रुपये महिन्याने करा. तीन महिन्यांची असेल तर ती तुम्ही २७,००० देऊन विकत घेता आहात. काम काय शिकवणार, कोणाच्या हाताखाली आणि नंतर प्रमाणपत्रावर काय लिहून देणार हे ईमेलवर आलं तरच विचार करा. नोकरी देतो म्हणून आगाऊ पैसे किंवा मूळ गुणपत्रिका मागणाऱ्याकडे तर पाऊलही टाकू नका.

सगळं बरोबर करूनही बोलावणं येत नाही असं होतं, आणि त्याचा दोष लगेच स्वतःकडे घेऊ नका. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, बदलली होती ती फक्त आडनावं. २००७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. अर्ज वाढवण्यामागे हेही एक कारण आहे.

टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांसाठी

मुलाखत घेणाऱ्या पुणेकरांनी तीन-चार गोष्टी केल्या तरी पुष्कळ. पहिल्या चाळणीत नाव आणि कॉलेज झाकून बायोडेटा वाचा. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा आणि गुण आपापसात बोलण्याआधी कागदावर लिहा, नाहीतर पहिल्याने "स्मार्ट वाटला" म्हटलं की बाकीचे माना डोलावतात. कामाला इंग्रजी बोलणं लागत नसेल तर मुलाखत मराठीत घ्या. "छंद काय" हा प्रश्न काढून टाका, त्याच्या उत्तरातून पोहण्याचा क्लास परवडत होता की नाही एवढंच कळतं.

आणि घरात ज्यांना हे सगळं माहीत आहे त्यांनी आपल्या गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर वर्षातून चार तारखा टाकाव्यात: जूनमध्ये अकरावीच्या मुलांना पडताळणीचा अर्ज, जानेवारीत शिक्षण हक्काचा भाडेकरार, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा नॉन-क्रिमीलेअर, आणि निकालाच्या दिवशी वसतिगृहांचे अर्ज. सुविचाराच्या जागी टाकल्या तरी चालतील.